सहसंबंध वाढला, म्हणजे जोडणी वाढली?

प्रश्न : स्मरणशक्तीची चाचणी देताना घेतलेल्या एफएमआरआयमध्ये मेंदूच्या दोन भागांतला सहसंबंध वाढलेला दिसला. ते भाग एकमेकांशी संवाद साधतात, असे प्रबंधात लिहू का?

उत्तर : इतक्यात नको. पडद्यावर चित्र येताच दोन्ही भाग स्वतंत्रपणे सक्रिय झाले, तरी सहसंबंध वाढतोच. शाळेची एकच घंटा झाली की दोन वर्ग एकदम सुटतात, तसे. म्हणून चाचणीमुळे उमटलेला प्रतिसाद आधी मॉडेलमध्ये धरून वेगळा काढा. मग कार्ल फ्रिस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली पीपीआय (सायकोफिजिऑलॉजिकल इंटरॅक्शन) पद्धत वापरा. चाचणीची स्थिती बदलली की दोन भागांचे नाते बदलते का, एवढेच ती तपासते. कोण कोणावर परिणाम करतो, हे त्यातून कळत नाही, त्यामुळे आकृतीत बाण काढू नका. डोक्याच्या हालचालीनेही खोटे सहसंबंध तयार होतात, म्हणून हालचालीची तपासणी टाळू नका. प्रबंधात ‘चाचणीनुसार बदलणारा सहसंबंध’ असेच लिहा.