वेल्डिंगचा धूर दुधाने जात नाही

हिद्दची १९७७ पासूनची 'असरी' ही जहाजदुरुस्तीची गोदी असो, की सनदच्या जवळपासचे जाळ्या-दरवाजे करणारे छोटे वर्कशॉप. वेल्डिंग आले की धूर आलाच. आपल्या मंडळींपैकी कोणी हे काम स्वतः करतात, तर कोणी सुपरवायझर म्हणून करवून घेतात. ही माहिती दोघांसाठी आहे.

ठिणगीच्या उष्णतेने धातूची वाफ होते आणि ती हवेत थंड होऊन तिचे सूक्ष्म कण बनतात. बहुतेक कण एक मायक्रॉनहून लहान असल्याने थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. नाकावर बांधलेला रुमाल किंवा गुत्रा त्यांना अडवत नाही. दूध प्यायल्याने धूर निघून जातो, हा समजही खोटा. दूध पोटात जाते, धूर फुप्फुसात.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यातील जस्तामुळे काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत तो उतरतो, म्हणून फ्लू समजून सोडून दिला जातो. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम व निकेल असते. मँगनीजचा त्रास मज्जासंस्थेला होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये सर्व प्रकारचा वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला. साधे लोखंडही त्यातून सुटलेले नाही.

उपाय याच क्रमाने करावेत :

१. जोडाच्या जागेवरचा रंग, जस्त व तेल आधी काढावे. क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेला भाग पूर्ण वाळल्याशिवाय वेल्डिंग करू नये. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

२. धूर ओढणारी नळी जोडाजवळ ठेवावी. नळीच्या तोंडापासून व्यासाएवढे दूर गेले की ओढ सुमारे दहा टक्केच उरते. नुसता पंखा धूर शेजारच्या कामगाराकडे ढकलतो.

३. डोके धुराच्या लोटात घालू नये.

४. शेवटी मास्क. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी असेल तर बाजूने गळतो.

टाकीत काम असेल तर अधिक जपावे. आरगॉन हवेहून जड असल्याने तळाशी साचतो. गाळणीचा मास्क प्राणवायू देत नाही. आधी मीटरने प्राणवायू तपासावा, ताजी हवा खेळती ठेवावी आणि बाहेर एक माणूस उभा असावा.

आता पैशांचे. बहारीनमध्ये खासगी क्षेत्रातील परदेशी कामगारासाठीही मालकाला कामावरील इजेच्या विम्यापोटी पगाराच्या ३ टक्के रक्कम सामाजिक विमा संस्थेकडे भरावी लागते. परंतु आजार कामामुळे झाला, हे कागदावर दिसले पाहिजे. म्हणून डॉक्टरांना नुसते 'ताप आला' असे न सांगता 'गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड केल्यावर आला' असे सांगावे व तशी नोंद करून घ्यावी. छातीचा एक्स-रे, श्वासाची तपासणी, नोकरीची पत्रे एका फाईलमध्ये ठेवावीत. फुप्फुसाचा आजार कधीकधी गावी परतल्यावर कित्येक वर्षांनी दिसतो. त्या वेळी हीच फाईल उपयोगी पडेल.