शाईची डबी घरी कशी भरावी

प्रिंटर हे यंत्र आता खेड्यापाड्यांतही आले आहे. सातबारा, आठ-अ, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, सगळे त्यातूनच निघते. आमच्या गावच्या वाचनालयातही एक आहे. बायकांच्या बचत गटाने पैसे जमवून ते घेतले. आम्ही पेन्शनीत निघालेले, दिवसभर मोकळे. म्हणून ते सांभाळायचे काम आमच्याकडे आले. लहानपणी आम्ही फाउंटन पेनात ड्रॉपरने शाई भरत असू. तेव्हा गुरुजींना हे सहज जमेल, असे सर्वांना वाटले. आम्हालाही वाटले.

यंत्र स्वस्तात मिळाले होते. पण शाईची डबी संपली आणि नवी आणायला गेलो, तेव्हा डोळे उघडले. या डबीला कार्ट्रिज म्हणतात. काळ्या शाईच्या एका डबीला आम्ही 850 रुपये मोजले. डबी केवढी? काड्यापेटीहून थोडी मोठी. तिच्यात शाई किती? दोन चमचेसुद्धा नाही. म्हैस स्वस्त मिळाली, पण पेंड रोज विकत आणा, त्यातली गत झाली. त्या डबीतून आमची 170 पाने छापून निघाली. म्हणजे एका पानाला पाच रुपयांची शाई. कागद, वीज वेगळी. गटाने मग एका पानाचे दहा रुपये लावले. दहा रुपये ऐकले की माणसे कागद न काढताच परत जायची. ज्यांना अगदी गरज, तेवढेच थांबायचे.

गटातल्या एक ताई म्हणाल्या, "गुरुजी, शाई नुसती बाटलीत मिळत नाही का? डबी तर तीच हाय. ती कशाला फेकायची?"

प्रश्न अगदी बरोबर होता. शाई बाटलीत मिळते. आम्ही 100 मिलिलिटरची बाटली 200 रुपयांना आणली. म्हणजे एका मिलिलिटरला दोन रुपये. डबीत एका वेळी 4 मिलिलिटर घातली, तर आठ रुपये झाले. कुठे आठ आणि कुठे साडेआठशे!

पण आधी ती डबी काम कशी करते, हे समजून घेतले पाहिजे. ते न कळता सुई टोचली, तर डबीही जाते आणि पैसेही जातात.

डबीच्या आत स्पंज असतो. शाई मोकळी नसते, स्पंजात मुरलेली असते. दिव्याची वात तेल धरून ठेवते, तसा स्पंज शाई धरून ठेवतो. म्हणून डबी आडवी धरली तरी शाई सांडत नाही. डबीच्या तळाला एक चकचकीत पट्टी असते. तिला डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत इतकी बारीक छिद्रे असतात. त्या प्रत्येक छिद्राजवळ एक चिमुकला हीटर असतो. वीज आली की तो एका क्षणाच्याही बारीक भागात तापतो. शाईचा बुडबुडा होतो, आणि बुडबुडा शाईचा थेंब छिद्रातून कागदावर फेकतो. असे हजारो थेंब पडले की अक्षर उमटते.

ही युक्ती कशी सुचली, ते ऐकण्यासारखे आहे. जपानमधल्या कॅनन कंपनीत 1977 साली इचिरो एंडो नावाचे संशोधक काम करीत होते. रेडिओ दुरुस्त करणारा तार जोडायला जी तापती सळई वापरतो, तसली सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली. लागताच सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने शाई उडते, हे त्यातून ध्यानात आले. म्हणजे या यंत्राची सुरुवातच सिरिंजपासून झाली. आपणही डबी सिरिंजनेच भरणार आहोत.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. विहिरीत पाणी नसताना मोटर चालवली तर काय होते? जळते. शाईच्या डबीचेही तसेच आहे. शाई त्या चिमुकल्या हीटरला थंड ठेवते. शाई संपली तरी आपण छापतच राहिलो, तर हीटर जळतात. मग त्या डबीत कितीही शाई घाला, कागद कोराच येणार. म्हणून अक्षर फिके दिसू लागले, मध्ये पांढऱ्या रेघा येऊ लागल्या, की तिथेच थांबायचे आणि त्याच दिवशी भरायचे. रिकामी डबी महिनाभर फळीवर पडली, तर उरलेली शाई छिद्रांत सुकते. तशी डबी भरण्यात अर्थ नाही.

आम्ही सांगतो ही रीत एचपी आणि कॅनन यांच्या साध्या, दोन डब्यांच्या यंत्रांची. एक डबी काळी, एक रंगीत. दोन्ही डब्यांच्या तळाला ती चकचकीत पट्टी असते. एप्सनच्या यंत्रांत छिद्रांचा भाग डबीवर नसतो, यंत्रातच असतो. त्यांना ही रीत लावू नये.

भरायला काय लागते? शाईची बाटली, औषधाच्या दुकानात मिळते ती सुईची सिरिंज, जुनी वर्तमानपत्रे, मऊ सुती फडके आणि चिकटपट्टी. जुने कपडे घाला. ही शाई लुगड्याला लागली तर निघत नाही. आमच्या एका सदऱ्यावर डाग अजून आहे.

डबी वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवा. वरचे लेबल हळूच सोलून काढा, फाडू नका, ते पुन्हा लावायचे आहे. लेबलाखाली भोके दिसतील. काळ्या डबीत शाईचा कप्पा एकच असतो. रंगीत डबीत तीन कप्पे असतात: निळा, गुलाबी, पिवळा. कोणते भोक कोणत्या रंगाचे, हे अंदाजाने ठरवू नका. प्रत्येक कंपनीचा क्रम निराळा असतो. दात कोरायची काडी भोकातून स्पंजाला टेकवा आणि पांढऱ्या कागदावर टेका. रंग आपोआप कळेल. दर वेळी नवी काडी घ्या.

सिरिंजमध्ये 4 मिलिलिटर काळी शाई ओढून घ्या. सुई वर करून हवेचा बुडबुडा बाहेर काढा. दवाखान्यात नर्सबाई काढतात, तसाच. मग सुई स्पंजात घाला, पण अगदी तळापर्यंत रेटू नका, तळाशी जाळी असते. आता दट्ट्या सावकाश दाबा. घाई केली तर आत हवा अडकते आणि छपाईत खंड पडतो. चार मिलिलिटर भरायला दोन मिनिटे लागली तरी चालतील. शाई भोकाशी दिसू लागली की थांबा, आणि थोडीशी परत ओढून घ्या. काठोकाठ भरली तर खालून गळते. रंगीत डबीत एका कप्प्यात दीड-दोन मिलिलिटरच पुरे. जास्त झाली तर एक रंग दुसऱ्यात मिसळतो आणि तीनही वाया जातात.

भरल्यावर लेबल परत लावायचे. पण भोक पुरते बुजवायचे नाही. गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो. का? एकाच भोकातून तेल थांबत थांबत येते. दुसऱ्यातून हवा आत गेली की धार लागते. डबीलाही हवा हवी. हवा कोंडली तर शाई खाली उतरत नाही, आणि डबी भरलेली असून पाने कोरी येतात. पहिल्यांदा आम्ही चिकटपट्टी गच्च मारली होती, आणि दोन दिवस यंत्रालाच दोष देत बसलो होतो.

नंतर ओलसर सुती फडक्यावर डबीची छिद्रांची पट्टी अलगद टेकवा, घासू नका. काळा ठसा उमटला म्हणजे शाई उतरली. डबीच्या पाठीवर तांब्याचे ठिपके असतात, त्यांतून वीज येते. ते कोरड्या फडक्याने पुसा. त्यांवर शाई राहिली तर यंत्र डबी ओळखत नाही.

डबी बसवली तरी यंत्र म्हणते, शाई संपली आहे! घाबरू नका. यंत्राला आत किती शाई आहे, ते दिसत नाही. आपण किती छापले याचा हिशेब ठेवून ते बोलते. आपण शाई भरली, हे त्याला कोण सांगणार? एचपीच्या पुष्कळ यंत्रांत संगणकावर आलेली सूचना 'ओके' दाबून पुढे जाता येते. कॅननच्या पुष्कळ यंत्रांत 'स्टॉप'चे बटण पाच सेकंद दाबून धरतात. मात्र यापुढे शाई कधी संपली, हे आपल्यालाच बघावे लागते.

काहींना वाटते, कंपनीची डबी आपण भरणे म्हणजे चोरी. तसे नाही. डबी विकत घेतली, ती आपली झाली. अमेरिकेत लेक्समार्क नावाच्या कंपनीने याच कारणावरून भांडण केले होते. 2017 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की एकदा डबी विकली की तिच्यावरचा कंपनीचा पेटंटचा हक्क संपतो. तो खटला पावडरच्या डब्यांचा होता. आता, भरलेल्या डबीमुळे यंत्र बिघडले, तर कंपनी वॉरंटीत दुरुस्त करून देईलच असे नाही, हेही खरे. यंत्र नवे असेल तर तेवढा विचार करावा.

इथवर सगळे छान झाले. गटाने पानाचे दर दहावरून तीन रुपयांवर आणले. माणसांची रांग लागली. आणि पुढे आषाढात आमच्या हातून चूक झाली.

एका मावशींना पीककर्जासाठी सातबारा हवा होता. आम्ही छापून दिला. मावशी एसटीने तालुक्याला निघाल्या. थांब्यापासून बँकेपर्यंत पाऊस लागला. पिशवी भिजली, कागदाला ओल लागली, आणि गट नंबर, क्षेत्र, नाव सगळे पसरून काळा ओघळ झाला. बँकेने कागद घेतला नाही. घेणार तरी कसा? मावशींची एक दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे गेले. परत आल्या तेव्हा आमच्यावर रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, नाव वाचायला मी आत्ता कुठं शिकले, आणि तेच पुसलं."

चूक आमचीच होती. काळी शाई दोन जातींची असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. एक पाण्यात विरघळणारा रंग, तिला डाय म्हणतात. दुसरीत अगदी बारीक काळी पूड असते, तिला पिगमेंट म्हणतात. डाय कागदात मुरते, पण पाणी लागले की पुन्हा सुटते. पिगमेंट कागदाला धरून बसते. कंपनीच्या काळ्या डबीत पिगमेंट होती. आम्ही दुकानदाराला नुसती "काळी शाई द्या" म्हणालो. त्याने डाय दिली. त्याने विचारले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. म्हणून बाटलीवरची अक्षरे वाचून घ्या. आपल्या डबीचा नंबर दुकानात सांगा, आणि त्या डबीला चालणारी शाई मागा. उलटही करू नका. डायच्या डबीत पिगमेंट घातली तर छिद्रे बुजतात. पिगमेंटची बाटली वापरण्याआधी हळू हलवा, कारण पूड तळाशी बसते.

आता आम्ही नवी बाटली आणली की आधी परीक्षा घेतो. कागदावर एक ओळ छापतो, तासभर वाळू देतो, आणि तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाकतो. ओळ जागची हलली नाही, तरच ती शाई कामाच्या कागदांना वापरतो. रंगीत डबीतली शाई बहुतेक डायच असते. म्हणून कामाचे कागद छापताना संगणकावर 'फक्त काळी शाई' असे निवडावे. नाही तर यंत्र काळ्यात रंगीत शाई मिसळते. आणि कागद हातात आला की तिथेच उभे राहून आपले नाव, गट नंबर आणि आकडे वाचून पाहावेत. एखादे छिद्र बुजले असेल तर आकड्यातून पांढरी रेघ जाते, आणि आठाचा तीन दिसतो.

मावशींना आम्ही दुसरा सातबारा काढून दिला. त्याचे सरकारी 15 रुपये आणि एसटीचे भाडे आमच्या खिशातून दिले. मजुरी त्यांनी घेतली नाही.

एक डबी किती वेळा भरता येते? आमची चार वेळा चालली. पाचव्या वेळी पुसूनही रेघा जाईनात, तेव्हा काढून टाकली. त्या डबीतून पहिली 170 आणि पुढे दर वेळी सुमारे 150, अशी 770 पाने निघाली. खर्च 850 आणि बत्तीस रुपये शाईचा, मिळून 882. म्हणजे पानाला साधारण एक रुपया पंधरा पैसे. फोटो छापले तर हा हिशेब लागू नाही, फोटो शाई पितात. आणि ज्यांना रोज शंभर-दोनशे पाने काढायची आहेत, त्यांनी सुईच्या नादी लागूच नये. शाईच्या टाकीचे यंत्र घ्यावे. एप्सनने 2010 साली तसले यंत्र बाजारात आणले, पुढे बाकीच्या कंपन्यांनीही आणले. त्यात बाटलीतूनच शाई ओततात. यंत्र महाग, पण शाई स्वस्त.

थोडे छापणाऱ्यांनी आठवड्यातून एक तरी पान छापावे, म्हणजे छिद्रे सुकत नाहीत. सुकलीच, तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यावर पट्टी पाच मिनिटे टेकवून ठेवावी. शाईची बाटली घट्ट बंद करून उन्हापासून आणि पोरांपासून दूर ठेवावी. सुई टोपण लावून ठेवावी. प्रत्येक रंगाची सिरिंज वेगळी असावी, आणि सिरिंजवर रंगाचे नाव लिहावे.

आमच्या वाचनालयात डबी भरल्याची वही आहे. तारीख, किती मिलिलिटर, कोणती शाई, थेंबाची परीक्षा झाली की नाही, एवढे रकाने. गेल्या दिवाळीपासून ती वही त्याच मावशी लिहितात. परवा त्यांनी आम्हाला डबी भरू दिली नाही. म्हणाल्या, "गुरुजी, आधी थेंब टाका."