जुन्या संगणकावर लिनक्स घालण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक मला एकच प्रश्न विचारतात, ‘घरचा काँप्युटर जुना झालाय, त्यावर लिनक्स चालेल का?’ विचारणाऱ्याचं यंत्र बहुधा दहाबारा वर्षांचं आणि चार जीबी रॅमचं असतं. त्याला मी जुनं म्हणतच नाही. त्यावर लिनक्स मिंट खुशाल घाला, छान चालेल. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या पिढीबद्दल. म्हणजे पेंटियम ४, त्या काळातली सेलेरॉन, २००८ च्या सुमाराची ॲटमवाली छोटी नेटबुकं. रॅम ५१२ एमबी, फार तर एक जीबी. डेस्कटॉप असेल तर आत आयडीईची ती रुंद पट्टी. वाचनालयं, पतसंस्था, शाळांच्या प्रयोगशाळा इथे कापडाचं आच्छादन घालून ठेवलेली अशी यंत्रं अजून पुष्कळ आहेत, आणि ‘काहीतरी हलकं टाकून चालू करा’ असं सांगणारेही पुष्कळ आहेत.

एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात मला हेच सांगण्यात आलं. यंत्र पेंटियम ४, त्यावर विंडोज एक्सपी. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच बंद झाले होते, पण पुस्तकांची सगळी यादी त्यावरच होती. कार्यवाहांना मुलांसाठी इंटरनेट हवं होतं. ग्रंथपाल बाईंचं म्हणणं वेगळं होतं. ‘सर, आधी माझं दाखल रजिस्टर काढून द्या, मग त्या डब्याचं काय करायचं ते करा.’

त्या अडून बसल्या हे फार बरं झालं. यूएसबी जुन्या १.१ पद्धतीचं होतं, सेकंदाला जेमतेम एक एमबी. एका जीबीला वीस मिनिटं धरून चालायची. कार्यवाह दोनदा येऊन ‘झालं का?’ विचारून गेले. सगळं उतरवून झालं, नव्या सिस्टीमसाठी पार्टिशन करायला घेतलं आणि हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा आवाज सुरू झाला. हा आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला वेगळं सांगावं लागत नाही. इतकी वर्षं रोज थोडंथोडं वाचायची सवय असलेल्या डिस्कवर एकदम पूर्ण लिखाण आलं की तिचे जुने दोष वर येतात. ती डिस्क त्यानंतर सुरू झाली नाही. म्हणून पहिलं सांगणं हे की जुन्या डिस्कवर नवी सिस्टीम घालणं म्हणजे तिची शेवटची परीक्षा असू शकते असं समजूनच बसावं. आधी प्रत काढावी, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघावी, मगच पुढे जावं.

‘उघडून बघावी’ हे मुद्दाम म्हणतोय. वाचनालयाची यादी मी माझ्या लॅपटॉपवर उघडली तर पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि कंस यांचा नुसता काला. फाइल बिघडलेली नव्हती. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटमध्ये टाइप करायची पद्धत होती. त्या फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा फाँट चढवतो. फाँट गेला की मुखवटा गेला. लिनक्स घालणाऱ्या उत्साही मुलांना हे सांगायला कुणी नसतं, कारण या विषयावरचं बहुतेक मार्गदर्शन इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि इंग्रजीत ही अडचण येतच नाही.

तेव्हा फाइलींबरोबर विंडोजच्या फोल्डरमधला ‘फाँट्स’ हा पूर्ण कप्पाही उचलून घ्या. कोणती फाइल कोणत्या फाँटमधली आहे हे जुनं यंत्र चालू असतानाच वहीत टिपून ठेवा, कारण प्रत्येक फाँटची अक्षरयोजना वेगळी असते आणि युनिकोडमध्ये रूपांतर करताना नेमकी तीच माहिती लागते. यादी फॉक्सप्रोसारख्या प्रोग्रॅममधली असेल तर डीबीएफ फाइल लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये थेट उघडते. काही जुनी मराठी सॉफ्टवेअर मागच्या पोर्टला लावायच्या कुलपाशिवाय चालत नसत. तसलं एखादं असेल तर ते कुलूपही जपून ठेवा आणि रूपांतर होईपर्यंत जुन्या सिस्टीमला हात लावू नका.

आता यंत्राकडे. झाकण उघडून ब्रशने धूळ काढा. मदरबोर्डवरचे छोटे नळकांडीसारखे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा पाझरलेले दिसले तर तिथेच थांबा. त्या यंत्रावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा बसवल्या की निम्म्या ‘सुरूच होत नाही’वाल्या तक्रारी मिटतात. नंतर रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. रॅममध्ये दोष असेल तर इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडकतं आणि लोक उगाच लिनक्सला नावं ठेवतात.

मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी न विचारता बदला. किराणा दुकानातही मिळते. ती गेलेली असेल तर दर वेळी यंत्र सुरू केल्यावर तारीख वीसेक वर्षं मागे जाते. वरवर ही किरकोळ गोष्ट वाटते, पण तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं ‘अजून लागू झालेली नाहीत’ असं ठरतं. मग एकही पान उघडत नाही, अपडेटही नाकारले जातात. आणि आपण नेटची वायर तपासत बसतो.

पुढचा खोळंबा सुरुवात कुठून करायची याचा. त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांना पेनड्राइव्हवरून सुरू होता येत नाही आणि कित्येकांच्या ड्राइव्हला डीव्हीडी वाचता येत नाही. सीडीवर ७०० एमबीच मावतात. अशा वेळी प्लॉप नावाचा छोटा बूट मॅनेजर सीडीवर उतरवून घ्यायचा. यंत्र सीडीवरून सुरू होतं आणि तिथून पेनड्राइव्हकडे जातं. कोऱ्या सीडी आता सगळीकडे मिळत नाहीत, तेव्हा कपाटात असतील तर फेकू नका.

कोणती सिस्टीम घ्यायची हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. त्याचं उत्तर मुख्यतः प्रोसेसरवर ठरतं. या पिढीतली पुष्कळ यंत्रं ३२-बिट आहेत आणि लिनक्सच्या जगाने ३२-बिटचा हात हळूहळू सोडला आहे. उबंटूने २०१७ मध्ये डेस्कटॉपची ३२-बिट आवृत्ती थांबवली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२-बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर नाही. त्यामुळे ‘सगळ्यात नवी आवृत्ती घ्या’ हा एरवी शहाणपणाचा सल्ला इथे चालत नाही. डेबियन १२ वर बेतलेली अँटिएक्स २३ ही ३२-बिटमध्ये मिळते आणि माझी पहिली पसंती तिलाच. पपी लिनक्स पूर्णपणे रॅममधून चालतं, हार्ड डिस्क गेलेल्या यंत्राला ते बरं. टायनी कोअर वीसेक एमबीत मावतं याचं कौतुक सगळ्यांना असतं, पण त्यावर रोजचं काम बसवायला माणूस तितकाच चिकट लागतो. नवख्याला मी ते सुचवत नाही. पेंटियम एम प्रोसेसरचे जुने लॅपटॉप ‘पीएई नाही’ म्हणून सुरू व्हायला नकार देतात. त्यातल्या अनेकांत प्रोसेसरची ही सोय असते, फक्त जाहीर केलेली नसते. बूटच्या ओळीत ‘फोर्सपीएई’ हा शब्द इंग्रजीत जोडला की बहुधा चालतात.

काहीही डिस्कवर घालण्याआधी ते ‘लाइव्ह’ चालवून बघा. आवाज येतो का, नेटची वायर ओळखली जाते का, प्रिंटर छापतो का हे तिथेच कळतं. वायफायच्या फार नादी लागू नका, वायर लावा. मराठीसाठी लोहित देवनागरी किंवा नोटो फाँट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्याच वेळी घालून ‘श्री’, ‘क्ष’, ‘र्‍या’ टाइप करून बघा.

वाचनालयात दुसऱ्या डिस्कवर अँटिएक्स बसलं. सुरू झाल्यावर दोनशे एमबीच्या आसपास रॅम घेऊन शांत बसलं. कार्यवाह खूश. मग त्यांनी फायरफॉक्समध्ये एका वर्तमानपत्राचं पान उघडलं. हार्ड डिस्कचा लाल दिवा लागला तो विझेचना. माउस हलवला की बाण थोड्या वेळाने हलायचा. सिस्टीम हलकी होती, ते पान हलकं नव्हतं. जाहिराती, व्हिडिओ आणि मागे पळणारा जावास्क्रिप्ट यांचं ओझं ऑपरेटिंग सिस्टीम बदलून कमी होत नाही. ५१२ च्या जागी एक जीबी रॅम बसवली, तेव्हा एक पान कसंबसं उघडू लागलं. दुसरं नाही. आणि हे आणखी अवघड होत जाणार आहे. क्रोमने २०१६ मध्येच ३२-बिट लिनक्स सोडलं, फायरफॉक्सने १४४ व्या आवृत्तीनंतर. जुना ब्राउझर वापरून बँकेचं काम करायचं तर ते न केलेलंच बरं.

म्हणून माझ्याकडे कुणी असं यंत्र घेऊन आलं की मी आधी विचारतो, यावर नेमकं काय करायचंय? सरकारी अर्ज, बँक, व्हिडिओ, ऑनलाइन वर्ग यांपैकी काही असेल तर मी सरळ नाही म्हणतो. जुन्या बाजारात कार्यालयांमधून निघालेले ६४-बिट छोटे संगणक मिळतात, त्यांवर पैसे घाला. पेंटियम ४ आणि काचेचा जड मॉनिटर मिळून वीजही बरीच खातात. पण पत्रं टाइप करणं, हिशेबाचा तक्ता, पुस्तकांची यादी, डॉट मॅट्रिक्सवर पावत्या, मुलांना टायपिंग शिकवणं असलं एखादंच ठरलेलं काम असेल तर असं यंत्र नेट न जोडता अजून चांगलं राबतं. वाचनालयातल्या यंत्रावर आता फक्त दाखल रजिस्टर आणि देवघेवीची नोंद आहे. मुलांच्या इंटरनेटसाठी समितीने वेगळा संगणक घेतला.

लिनक्स घाला अगर घालू नका, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण तुमच्या संस्थेत युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या मराठी फाइली अशा एखाद्या यंत्रावर पडून असतील, तर ते यंत्र अजून सुरू होतंय तोवर त्या फाइली आणि त्यांचे फाँट या आठवड्यातच दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या.