ऐकलेले आणि पाहिलेले

शास्त्रपाठ : लूक १:१-४, १ करिंथ १५:३-८

काही वर्षांपूर्वी येथे रायपुरात एका घरगुती प्रार्थनासभेत मी रेव्ह. नारायण वामन टिळकांची हकीकत सांगितली. १८९३ साली टिळक आगगाडीने नागपूरहून राजनांदगावास निघाले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला व दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. राजनांदगाव आमच्यापासून ७० किलोमीटरवर, त्यामुळे श्रोत्यांना ही गोष्ट घरचीच वाटते. बोलण्याच्या भरात मी त्या गृहस्थाला एक नाव देऊन टाकले आणि टिळकांच्या डोळ्यांत तेथेच अश्रूही आणले.

सभेस शेजारचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आले होते. ते ख्रिस्ती नव्हेत. त्यांनी विचारले, "साहेब, हे नाव आपण कोठे वाचलेत?" मला सांगता येईना. थोडे थांबून ते म्हणाले, "येशू तिसऱ्या दिवशी उठला असे मघाशी म्हणालात. तेही असेच का?"

वाचकहो, माझ्या अश्रूंच्या त्या दोन थेंबांनी कोणत्या गोष्टीवर डाग पाडला, हे तेव्हा मला कळले.

घरी जाऊन मी ती हकीकत उसवून पाहिली. डब्यातील संभाषणाचे साक्षीदार स्वतः टिळक, आणि त्यांच्या सांगण्यात तो गृहस्थ अनामिक आहे. पुढे कोणी नाव सुचविले असेल, तर ते सुचविलेले नाव म्हणूनच सांगावयास हवे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झालेला बाप्तिस्मा मात्र चारचौघांदेखत घडला. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' त्या बाप्तिस्म्याने घरावर काय ओढवले याची प्रत्यक्ष साक्ष देतात; तेथे त्यांच्याइतका विश्वसनीय साक्षीदार नाही. पण डब्यात काय बोलणे झाले याविषयी त्यांची साक्ष ऐकीवच ठरेल. साक्षीदार प्रामाणिक असला तरी तो कोणत्या गोष्टीचा साक्षीदार आहे, हे पाहावेच लागते. (उपदेशकांना ही सवय थोडी जड जाते, मी स्वानुभवाने सांगतो.)

आता पौलाकडे पाहा. करिंथकरांस तो प्रथम सांगतो की, आपणांस जे मिळाले तेच आपण त्यांच्या स्वाधीन केले. मग केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब अशी नावे व संख्या येतात. त्या पाचशेंपैकी बहुतेक अद्याप हयात आहेत, असेही तो नमूद करतो. म्हणजे ज्यांना विचारावयाचे त्यांनी जाऊन विचारावे. अगदी शेवटी तो स्वतःस झालेले दर्शन सांगतो. ऐकलेले आणि पाहिलेले यांची त्याने कोठेही सरमिसळ केलेली नाही.

लूकही तसाच. आपण येशूचे जीवन डोळ्यांनी पाहिले असा त्याचा दावा नाही. पाहणारे निराळे, शोध करणारा तो निराळा. थियफिलाला जी खात्री व्हावी म्हणून तो लिहितो, तिला मूळ ग्रीक शब्द 'आस्फालेइआ' असा आहे. भाषांतर करताना या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. घसरणे, ठेचकाळणे या अर्थाच्या धातूला नकार जोडून तो बनला आहे. ज्या जमिनीवर पाय घसरत नाही ती खात्री.

पुराव्याची मर्यादाही जाणावी. प्रेषितांची कृत्ये १७:६ मध्ये लूकाने थेस्सलनीकाच्या अधिकाऱ्यांस 'पोलितार्ख' म्हटले आहे. त्याच नगरातील एका कमानीवरील शिलालेखात हे पद आढळले. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरून लूकाला त्या नगराचा कारभार नेमका ठाऊक होता असे दिसते. एवढ्यावरून पुनरुत्थान सिद्ध झाले असे कोणी सांगू लागला, तर तो दगड बिचारा काय करील?

पुढच्या रविवारी मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. नाव आणि अश्रू माझे होते, असे त्यांस सांगितले. ते हसले नाहीत. त्यांनी चहा मागविला व विचारले, "मग लूक तरी तेथे होता का?" "नव्हता," मी म्हणालो, आणि त्याच्या पहिल्या चार ओवी त्यांच्यापुढे उघडल्या.