छायाचित्रण : छंद आणि जोडव्यवसाय

प्रास्ताविक

मराठीत आपण रांगोळी काढतो, चित्र काढतो आणि फोटोही काढतो. यंत्राने उमटणाऱ्या प्रतिमेलाही आपल्या भाषेने हाताने रेखाटण्याचे क्रियापद दिले आहे. 'फोटोग्राफी' हा ग्रीक धातूंपासून घडवलेला शब्द. त्याचा अर्थ 'प्रकाशाने केलेले लेखन'. मराठीने 'छायाचित्र' म्हणताना सावलीकडे बोट दाखवले. नवख्या माणसाचे लक्ष बहुधा या दोहोंपैकी कशाकडेच नसते. ते असते कॅमेऱ्याकडे.

या पाठात आपण डिजिटल छायाचित्रणाची ओळख करून घेणार आहोत. हा पाठ अभ्यासल्यावर प्रकाशाचा अंदाज घेऊन साधे छायाचित्र काढणे, ते सुरक्षित ठेवणे आणि या कलेतून जोडउत्पन्न मिळवताना कोणती जबाबदारी येते हे सांगणे तुम्हांला जमू लागेल.

पडद्यामागचे यंत्र

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी संवेदक असतो. त्यावर लक्षावधी सूक्ष्म प्रकाशग्राही बिंदू असतात. प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला, हे आकड्याच्या रूपात नोंदवले जाते आणि त्या आकड्यांतून चित्र तयार होते. 1975 मध्ये अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने असा पहिला हाती धरता येणारा कॅमेरा जुळवला. त्याचे वजन साडेतीन किलोहून अधिक होते. एक कृष्णधवल चित्र ध्वनिफितीसारख्या कॅसेटवर उतरवायला 23 सेकंद लागत आणि त्या चित्रात जेमतेम 10,000 बिंदू असत. दहा लाख बिंदूंना एक मेगापिक्सेल म्हणतात. आज साध्या मोबाइल फोनमधील चित्रातही असे कित्येक मेगापिक्सेल असतात.

म्हणूनच 'किती मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊ?' हा प्रश्न आता फारसा महत्त्वाचा राहिलेला नाही. 6 इंच × 4 इंच आकाराच्या उत्तम छपाईसाठी दर इंचाला 300 बिंदू धरले, तर 1800 × 1200, म्हणजे सुमारे 22 लाख बिंदू पुरतात. दोन मेगापिक्सेलहून थोडे अधिक, एवढेच. हाताशी असलेल्या फोनवर किंवा कोणाच्या तरी कपाटात पडून असलेल्या जुन्या कॅमेऱ्यावर शिकायला सुरुवात करावी. नवे यंत्र घेण्याची घाई दुकानदाराला असते. शिकणाऱ्याला ती नसावी.

प्रकाशाशी ओळख

कॅमेऱ्यात प्रकाशाचे प्रमाण तीन गोष्टी ठरवतात. भिंगातील छिद्र हे डोळ्याच्या बाहुलीसारखे लहानमोठे होते. ते 'एफ' या अक्षरापुढील अंकाने दाखवतात. अंक मोठा, तर छिद्र लहान, हे उलटे गणित सुरुवातीला सर्वांनाच गोंधळात टाकते. शटर हा एक दरवाजा आहे. तो किती वेळ उघडा राहावा हे आपण सांगतो. तिसरा घटक आयएसओ. हा अंक वाढवला की अंधुक उजेडातही चित्र उजळ होते, पण त्यावर वाळू भुरभुरल्यासारखे ठिपके दिसू लागतात.

जुन्या छायाचित्रकारांचा एक आडाखा आजही उपयोगी पडतो. निरभ्र आकाशातील स्वच्छ उन्हात छिद्र एफ 16 ठेवावे आणि आयएसओ जितका असेल, सेकंदाचा साधारण तितकावा भाग शटर उघडे ठेवावे. आयएसओ 100 असेल, तर सेकंदाचा शंभरावा भाग. एखाद्या रविवारी अंगणात हा आडाखा पडताळून पाहा. मग छिद्र एफ 11 करा. प्रकाश दुप्पट येईल, म्हणून शटरची वेळ निम्मी करावी लागेल. ही देवाणघेवाण एकदा बोटांना कळली की पुढचे पुष्कळसे सोपे होते.

स्वयंचलित मोजणीवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. कॅमेऱ्याला समोर काय आहे हे कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या उजळपणाचे असावे, असे तो साधारणपणे धरून चालतो. त्यामुळे चुन्याने रंगवलेल्या भिंतीपुढे पांढरे धोतर नेसून बसलेले आजोबा मळकट दिसतात आणि काळ्या घोंगडीवरची काळी शेळी धुरकट होते. पांढरे पांढरे दिसायला प्रकाश थोडा वाढवावा लागतो, काळे काळे दिसायला तो कमी करावा लागतो. आजच्या फोनची गणिते पुष्कळ हुशार झाली आहेत, तरी ही चूक त्यांच्याकडूनही होते.

प्रकाशाचे प्रमाण जसे, तशी त्याची दिशाही पाहावी. भर दुपारी डोक्यावरचे ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरते. त्याच माणसाला ओसरीच्या उंबऱ्यावर, तोंड अंगणाकडे करून बसवले, तर बाहेरचा पसरट उजेड चेहऱ्यावर मऊ उतरतो. मला विचाराल, तर खिडकीसारखा शिक्षक नाही. पितळेचा एक तांब्या खिडकीत ठेवून सकाळी सात, दुपारी बारा आणि सायंकाळी पाच वाजता त्याचे छायाचित्र काढावे. त्याचा फुगीरपणा, पोचे आणि झिलई कधी दिसतात नि कधी हरवतात, हे ताडून पाहावे. असे आठवडाभर करणाऱ्याला माणसाचा चेहराही वाचता येऊ लागतो.

पाठगत प्रश्न 1
1. एफ 8 आणि एफ 16 यांपैकी कोणते छिद्र मोठे?
2. पांढऱ्या भिंतीपुढील पांढरा पोशाख कॅमेऱ्यात मळकट का दिसतो?

दुसऱ्याचे काम हाती घेताना

छंद असताना चूक आपली आणि नुकसानही आपलेच. कोणी पैसे देऊ केले की हे बदलते. कसे, ते मी एका अनुभवावरून सांगतो.

2009 सालची गोष्ट. मी बडोद्यात नोकरी करीत होतो आणि सुट्टीच्या दिवशी जुना विकत घेतलेला कॅमेरा घेऊन हिंडत होतो. आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातील आजींचे सहस्रचंद्रदर्शन होते. त्यांच्या मुलाने मला छायाचित्रे काढायला बोलावले आणि दीड हजार रुपये देण्याचे ठरवले. ती माझी पहिली कमाई. मी तीनशेच्या वर छायाचित्रे काढली. नातसुना, पणत्या, माहेरची माणसे यांनी मिळून आजींना ओवाळले. तबकातील दिव्यांचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता, आणि मी वीज न चमकवता ते सारे टिपले होते.

रात्री घरी येऊन मी छायाचित्रे संगणकावर उतरवायला लावली. संगणकातील जागा मध्येच संपली. तशी सूचनाही पडद्यावर आली असणार. झोपेच्या भरात मी ती न वाचता मिटवली आणि कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड पुसून टाकले. पहाटे तेच कार्ड घेऊन सूरसागर तलावावर गेलो आणि उडणाऱ्या पक्ष्यांची अडीचशेहून अधिक चित्रे काढली.

कार्ड पुसले म्हणजे त्यावरील चित्रे लगेच नाहीशी होतात असे नाही. बहुधा पुसली जाते ती फक्त त्यांची अनुक्रमणिका. मूळ मजकूर जागेवरच असतो आणि विशिष्ट प्रणाली वापरून तो परत मिळवता येतो. मात्र त्याच जागी नवे चित्र लिहिले गेले, की जुने कायमचे जाते. त्या सकाळी नेमके तेच झाले होते. पूजेची चित्रे संगणकावर आली होती. शेवटच्या पंगतीची वीस-पंचवीस कार्डावरून परत मिळाली. मधले सारे, ओवाळण्यासकट, बगळ्यांखाली गेले.

मी त्यांच्या घरी जाऊन हे सांगितले आणि पैसे परत दिले. त्यांच्या मुलाने पाकीट निमूट घेतले, आणि आत चहा ठेवायला सांगितले. आजी माझ्यासमोरच बसल्या होत्या. तो चहा संपवणे मला फार जड गेले.

तेव्हापासून मी जो क्रम पाळतो, तो असा. एका समारंभाचे कार्ड दुसऱ्या कामाला वापरायचे नाही. छायाचित्रे दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवायची, कार्डावरील आणि उतरवलेल्या चित्रांची संख्या ताडून पाहायची, पहिले, मधले आणि शेवटचे चित्र उघडून बघायचे. त्यांतील एक प्रत घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत ठेवायची. ग्राहकाला त्याची छायाचित्रे पोहोचली आणि त्याने ती पाहिली, असे कळल्यावरच कार्ड रिकामे करायचे. याला खर्च थोडा आणि कंटाळा फार आहे.

मोबदला आणि हक्क

भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार मानल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला (1913-2012) यांना सुरुवातीच्या काळात 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये छापून आलेल्या छायाचित्रांचा प्रत्येकी एक रुपया मिळत असे. पुढे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील दिल्ली त्यांच्याच छायाचित्रांतून देशाने पाहिली. त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे बडोद्यात गेली. थोड्या पैशांपासून आरंभ करण्यात कमीपणा नाही. पण हिशेब न करता दर सांगणे ही वेगळी गोष्ट आहे.

समजा, बारशाचा तीन तासांचा कार्यक्रम आहे. जाण्यायेण्यात एक तास जातो. 400 छायाचित्रांतून 100 निवडायला दोन तास लागतात. प्रत्येकाचा रंग आणि उजळपणा सुधारायला चार मिनिटे धरली, तरी 400 मिनिटे, म्हणजे 6 तास 40 मिनिटे होतात. तीन तासांचे काम वस्तुतः पावणेतेरा तासांच्या आसपास जाते. त्यात प्रवासखर्च आणि यंत्राची झीज मिळवा, आणि मग आकडा सांगा. तो कागदावर लिहावा. किती छायाचित्रे, कोणत्या दिवशी आणि कोणत्या स्वरूपात देणार, हेही त्यातच नोंदवावे. लग्नाचे काम मात्र पहिल्या वर्षी एकट्याने घेऊ नये. त्याऐवजी अनुभवी छायाचित्रकाराचा मदतनीस व्हावे. गावातील साडीच्या किंवा भांड्यांच्या दुकानातील वस्तूंची छायाचित्रे, शाळेचे स्नेहसंमेलन, बचत गटाच्या पदार्थांची चित्रे अशी कामे सुरुवातीला बरी. त्यांत चूक झाली तरी बहुतेक वेळा ती दुरुस्त करता येते.

छायाचित्र कोणाचे, हाही प्रश्न पुढे येतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्याचा पहिला हक्क सामान्यतः काढवून घेणाऱ्याचा असतो. अनेक छायाचित्रकारांनाही हे ठाऊक नसते. ती चित्रे आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवायची असतील, तर लेखी संमती आधीच घ्यावी. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी लहान मुलाचा किंवा एखाद्या स्त्रीचा चेहरा घरच्यांना अथवा तिला न विचारता चारचौघांपुढे मांडणे हा अविचार आहे.

पाठगत प्रश्न 2
1. पुसलेल्या कार्डावरील चित्रे केव्हा परत मिळू शकतात आणि केव्हा नाही?
2. लेखकाने पहिल्या वर्षी लग्नाचे काम एकट्याने घेऊ नये असे का म्हटले असेल?

शब्दार्थ
आडाखा – अनुभवावरून बांधलेला अंदाज. सहस्रचंद्रदर्शन – आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्यानिमित्त, साधारणतः ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर करावयाचा सोहळा. झिलई – घासून आलेली चकाकी. ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे.

स्वाध्याय
1. 'फोटो काढणे', 'क्षण टिपणे' आणि 'छायाचित्र घेणे' या तीन प्रयोगांतील अर्थच्छटा स्पष्ट करा. 'काढणे' आणि 'टिपणे' ही क्रियापदे आणखी कोणत्या संदर्भांत वापरतात, ते लिहा.
2. 'मधले सारे, ओवाळण्यासकट, बगळ्यांखाली गेले' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
3. शेजारच्या घरी बारसे आहे आणि छायाचित्रांचे काम तुम्हांला दिले आहे. दर, दिनांक, छायाचित्रांची संख्या आणि ती इतरांना दाखवण्याची संमती यांचा उल्लेख असलेले पत्र लिहा.
4. तुमच्या घरातील एक जुने छायाचित्र निवडा. ते कोणी, कोठे, कोणत्या उजेडात काढले असावे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.