आपला दिवस आपल्या हातात ठेवा

अमेरिकेत नोकरीला असताना मी काही वर्षं एका ‘आत्मविकास’ संस्थेत होते. तिचं नाव इथे घेत नाही. ती सायंटॉलॉजी नव्हे, तिच्यापेक्षा कितीतरी लहान. पण बाहेर पडल्यावर सायंटॉलॉजी सोडलेल्यांच्या आठवणी वाचत गेले आणि माझाच दिनक्रम तिथे मोठ्या आकारात मांडलेला दिसला. अशा ठिकाणी माणूस श्रद्धेपायी अडकतो, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव सांगतो की श्रद्धा मागाहून येते. आधी हातातला वेळ जातो.

एल. रॉन हबर्ड यांचं ‘डायनेटिक्स’ हे पुस्तक १९५० साली आलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्यातून सायंटॉलॉजी उभी राहिली. तिथली मुख्य साधना म्हणजे ऑडिटिंग. दोन्ही हातांत धातूचे दोन डबे धरून बसायचं, समोर ई-मीटर नावाच्या यंत्राची सुई हलत असते, आणि विचारलेल्या प्रश्नांना मनाच्या तळातलं सांगत राहायचं. या बैठकांच्या नोंदी संस्थेकडे राहतात. १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘सी ऑर्ग’ या पूर्णवेळ सेवकांच्या पथकात तर एक अब्ज वर्षांच्या करारावर सही घेतात. सोडून आलेले लोक तिथला दिवस सांगतात तो असा : सकाळपासून रात्री उशिरापर्यंत काम, मध्ये अभ्यासवर्ग, आणि प्रत्येकाच्या कामाचा आकड्यांतला आलेख. आठवड्याचा हिशेब गुरुवारी दुपारी दोनला बंद होतो. त्या वेळेपर्यंत आलेख वर गेलाच पाहिजे, ही टांगती तलवार आठवडाभर डोक्यावर. अशा दिवसात शंका घ्यायला उसंत कुठून मिळणार?

माझ्या संस्थेत आलेख नव्हते, वही होती. दिवसाच्या प्रत्येक तासाची नोंद करायची आणि आठवड्याच्या शेवटी गटप्रमुख ताईंना दाखवायची. एकदा रविवारच्या रकान्यात मी ‘आईशी फोनवर बोलले’ असं लिहिलं होतं. ताईंनी त्याभोवती लाल पेनने गोल केला आणि शांतपणे विचारलं, “हे तुझ्या ध्येयात कुठे बसतं?” त्या रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पुढच्या रविवारपासून माझे फोन आपोआप आखूड होत गेले. मला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. माणसं मात्र एकेक करून तुटत गेली.

म्हणून कुठल्याही संस्थेत पाऊल टाकण्याआधी तिची शिकवण तपासालच, पण तिचं वेळापत्रकही तपासा. पुढच्या पायरीवर काय शिकवणार आणि त्याचे पैसे किती, हे आजच सांगतात का? महिनाभर आलो नाही तर चालेल का, असं विचारून पाहा. सही करायचा कागद घरी आणा, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. पासपोर्ट, बँकेचं खातं, राहण्याची जागा यांतलं काहीही संस्थेच्या हाती देऊ नका. मनातलं बोलायचं असेल तर आधी विचारा, हे लिहून ठेवणार का आणि कोण वाचणार?

घरचं माणूस आत असेल तर त्याच्याशी तत्त्वज्ञानावर वाद घालू नका. वादाला काय उत्तर द्यायचं, ते त्याला शिकवलेलं असतं. सायंटॉलॉजीचे एकेकाळचे प्रवक्ते माइक रिंडर २००७ मध्ये बाहेर पडले, आणि त्यांच्या मुलांनी त्यांच्याशी संबंध तोडले. संबंध तोडायचे की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, असं संस्था म्हणते; सोडून आलेले अनेकजण मात्र तसा दबाव असल्याचं सांगतात. दोर तिकडून कापला जाऊ शकतो, तो आपण तरी कापू नये. वाढदिवसाला फोन करा, आजी कशी आहे ते सांगा, “घर उघडं आहे” हे वाक्य पुन्हापुन्हा कानावर घाला. माझी आई हेच करत राहिली. त्यामुळे परत कुठे जायचं, हा प्रश्न मला पडला नाही.

बाहेर पडलेल्यांना सर्वांत जड जातात त्या मोकळ्या संध्याकाळी. वेळ अंगावर येतो, आणि तो भरायला दुसरी तशीच संस्था शोधावीशी वाटते. थोडे महिने थांबा. जुन्या मैत्रिणीला फोन करा. माफी मागत बसू नका, नुसतं बोला. झोप उडाली असेल, भीती जात नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सायंटॉलॉजीचा मानसोपचारशास्त्राला कडवा विरोध आहे, त्यामुळे तिथून आलेल्यांना ही पायरी चढणं विशेष अवघड जातं. तरीही चढा. आणि आत जे चांगलं भेटलं, एखादी मैत्री, एखादी शिस्त, ते खुशाल जवळ ठेवा. ती तुमची स्वतःची कमाई आहे, ती संस्थेला परत करायची नसते.