उडालेल्या पाण्याच्या जागी मीठ ओतू नका

मला जे सांगितलं गेलं ते मी तंतोतंत पाळलं, हे आधीच नोंदवून ठेवतो. नागपूरच्या ज्या दुकानदाराकडून मी समुद्री मासे घेतले, त्याच्या हातची चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे: ‘पातळी कमी झाली की मिठाचं पाणी टाकणे.’ एवढंच. का, किती, कुठवर, काही नाही.

दोन फुटी टाकी. दगड-वाळू वजा जाता पाणी 50 लिटरच्या आसपास. दोन क्लाऊनफिश, एक कोळंबी, थोड्या गोगलगायी. आमच्या चिचगड गावचा एप्रिल-मे म्हणजे कोरडी ठक्क हवा. पाणी तापू नये म्हणून वर पंखा रोखलेला. दिवसाला दीड लिटरपर्यंत पाणी उडायचं. दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, “टाकी लीक असन भाऊ.” सिलिकॉनची ट्यूब पाठवली, तिचे पैसे घेतले. मासे बादलीत काढून, टाकी रिकामी करून सगळे जोड पुन्हा भरले. पाणी तेवढंच कमी होत राहिलं. पुन्हा फोन. “मिठाचंच पाणी टाकत राहा. साधं टाकलं तर मासे मरतीन.”

मग गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडू लागल्या. उलट्या पडल्या की पुन्हा सरळ होईनात. त्यावर उत्तर आलं, तुमच्या बोअरच्या पाण्यात काही तरी असेल. कोळंबी गेली त्या दिवशी तर तो सरळ म्हणाला, “समुद्री मासे खेड्यात ठेवाचे नसतेत भाऊ.” माशांचे, दगडांचे, दिव्याचे पैसे घेताना मी चिचगडचा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं का? त्याचं ते वाक्य मला अजून बोचतं.

उलगडा झाला तो मिठाच्या पाकिटामुळे. पाणी कालवायला पाकीट उचललं, तर ते अर्ध्याहून जास्त रिकामं. टाकी भरली तेव्हाची पातळी आणि आजची पातळी तीच, मग एवढं मीठ गेलं कुठे? पंख्याच्या वाऱ्याने पाणी उडतं, मीठ उडत नाही. मी तिथेच कागद घेऊन हिशेब मांडला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम क्षार. दीड लिटर खारं पाणी रोज ओतायचं म्हणजे रोज 50 ग्रॅमहून जास्त मीठ जादा. 50 लिटरच्या टाकीत क्षारता रोज एका अंकाने वर. दहा दिवसांत 35 ची 45. ओळखीतल्या एका प्राध्यापकांकडून क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणला, थेंब टाकून उजेडाकडे धरला. निळी-पांढरी रेघ 45 च्याही वर. टाकी कुठेच गळत नव्हती. मी सांगितल्याबरहुकूम घरात मिठागर चालवत होतो.

हे कळायला समुद्राकाठी राहावं लागत नाही. आपल्याच विदर्भातलं लोणार पाहा. त्या विवरात पाणी येतं, बाहेर वाट नाही, जातं ते फक्त वाफ होऊन. क्षार मागे उरतात. जून 2020 मध्ये पातळी खाली गेली, खारेपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे सगळं सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तेव्हा त्या पाण्याचे नमुने तपासले होते.

तेव्हा नवी छोटी टाकी लावणाऱ्यांनो, उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करा. खारं पाणी फक्त ठरलेल्या पाणीबदलाला, म्हणजे जेवढं खारं काढलं तेवढंच खारं घालायला. गोडं पाणी आरओचं घ्या. बोअरचं घातलंत तर त्यातले क्षारही असेच साचत जातात. घरच्या आरओला टीडीएस वाढवायची कळ असेल तर ती बंद करा, मीटर लावून खात्री करा, आणि आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी चुकूनही घेऊ नका. काचेवर मार्करने रेघ मारा. चार दिवसांचं पाणी एकदम ओतण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं घाला. टाकी जेवढी लहान तेवढा तिला धक्का मोठा.

गळती आहे की पाणी उडतंय, हे ओळखायची खूण कोणी मला सांगितली नाही, म्हणून सांगतो. रेघेपर्यंत गोडं पाणी भरा आणि क्षारता मोजा. आकडा पूर्वीइतकाच आला तर पाणी नुसतं उडालं. आकडा घसरत चालला तर पाण्याबरोबर मीठही बाहेर जातंय. मग जोड बघा, टाकीखाली वर्तमानपत्र घाला, काठावर आणि दिव्यावर पांढरे थर शोधा. सिलिकॉन त्यानंतर.

पंख्यावर राग काढू नका. एक लिटर पाणी उडताना एवढी उष्णता नेतं की हिशेबाने 50 लिटर पाणी अकरा-बारा अंशांनी उतरावं. मे महिन्यात मासे त्यावरच तगतात. झाकण घट्ट लावलं तर पाणी वाचतं, पण टाकी तापते. जाळी बरी. पावसाळ्यात दमट हवेत पाणी कमी उडतं, तेव्हा उन्हाळ्याच्या मापाने ओतत राहू नका.

क्षारता चढलेली आढळली तर घाईने उतरवू नका. थोडं खारं काढून तेवढंच गोडं, दिवसाला एक-दोन अंकांपेक्षा जास्त नाही. नव्या टाकीत अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची घडी बसायलाच चार ते सहा आठवडे जातात, त्यात मेलेली गोगलगाय राहिली तर अमोनिया वाढतो. ती लगेच काढा. काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर असेल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे झटकून मगच वाचा. रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. बाकी धीर धरा, निरीक्षण ठेवा, हे सगळेच सांगतात.

माझे दोन्ही क्लाऊनफिश वाचले आहेत, चिचगडमध्येच, आरओच्या पाण्यावर. तुम्ही टाकी घ्यायला जाल तेव्हा पैसे काढण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: पाणी उडालं तर कोणतं घालायचं? ‘मिठाचं’ असं उत्तर आलं, तर त्याच पावली परत फिरा.